कासारगडचे खिंडार

माघातली पहाट होती. कोकणातून वर चढलेले धुके कासारगडाच्या कड्यांना बिलगून होते, आणि ते जसजसे विरत गेले तसतसा, आदल्या दिवशी बादशाही फौजेच्या सुरुंगाने उडवलेल्या पूर्व बुरुजाच्या जागी, आभाळाचा एक भला मोठा तुकडा उघडा पडत गेला. दसऱ्यापासून झुंजत आलेली शिबंदी त्या खिंडाराकडे पाठ करून बसली होती. 

गडाचे हवालदार रायाजीराव काकडे सदरेच्या ओट्यावर उभे होते. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. आदल्या संध्याकाळी तहाच्या निमित्ताने वर आलेल्या वकिलाने, वेढा घालणाऱ्या खानाच्या माणसाने, एकांत मिळताच, त्यांच्या हातावर एक चांदीचे कडे ठेवले होते. मदतीची फौज आणायला गडाखाली उतरलेल्या त्यांच्या एकुलत्या मुलाच्या, सुभानजीच्या, मनगटातले ते कडे होते.

"दुपारची नौबत झडताच दरवाजा उघडावा," वकील अदबीने म्हणाला होता, "चिरंजीव सुखरूप हाती येतील. खानसाहेब शब्दाचे पक्के आहेत, दरवाजा उघडला तरी आणि नाही उघडला तरी."

रायाजीरावांनी होकारार्थी मान हलवली होती. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही, पत्नी अंबिकाबाईंनाही नाही. सांगून काय होणार होते? शिबंदी खचलीच होती. दरवाजा उघडला तर कोणी हू की चू करणार नव्हते.

ऊन तटावर आले तेव्हा अंबिकाबाई वाड्याबाहेर पडल्या. त्यांनी पदर खोचला, ढिगाऱ्यातला एक धोंडा उचलला, खिंडाराच्या तोंडाशी नेऊन ठेवला आणि दुसरा आणायला मागे वळल्या. पहिल्या काही खेपांना कोणी हलले नाही. मग म्हातारा गोलंदाज शेख नथू उठून जवळ आला.

"बाईसाहेब, एवढ्याशा धोंड्यांनी काय व्हायचं? खालून पुन्हा सुरुंग लागेल."

"लागेल," अंबिकाबाई म्हणाल्या. "तोवर काय करायचं ते तुम्ही सांगा. मला नुसतं बसवत नाही."

 शेख नथूने शेजारच्या मोठ्या चिऱ्याला हात घातला. तो एकट्याला हलेना, म्हणून एक बारगीर उठला; बारगिराचा भाऊ उठला; कोणीतरी पहारी आणल्या. बायका टोपल्यांतून माती आणू लागल्या. ज्यांनी काल जेवण टाकले होते ते आज एकमेकांना हाका मारत होते, आणि उन्हे चढेपर्यंत सारा गड त्या खिंडारापाशी लोटला.

ओट्यावरून हे पाहताना, आता दरवाजा कोणी सहज उघडू देणार नाही, हे रायाजीरावांना कळून चुकले. त्यांनी अंबिकाबाईंना बाजूला बोलावले आणि कडे त्यांच्या हातात ठेवले. मग त्यांनी सगळे सांगितले.

"आपण मला हे रात्री का नाही सांगितलंत?"

रायाजीरावांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला.

"आपण दरवाजाकडे जा," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी यांना थांबवते."

त्या परत आल्या, चिरा उचलणाऱ्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुरे झालं. राहू द्या आता."

शेख नथूने त्यांच्या मातीने माखलेल्या हातांकडे पाहिले. "आपण दमलात," तो मायेने म्हणाला. "सावलीत बसा, बाईसाहेब. आता आमचं आम्ही करतो." आणि वाट नाही म्हणून माणसे त्यांना वळसा घालून पुढे गेली. कारण सांगावे तर मुलाचे नाव घ्यावे लागले असते; ते त्यांना घेववेना.

तिकडे रायाजीराव किल्ल्यांचा जुडगा घेऊन महादरवाजाशी पोचले, तो दरवाजा आतून छातीइतका धोंड्यांनी भरलेला. पहारेकरी घामाने निथळत होते.

"बाईसाहेबांचं पाहून आम्हाला सुचलं, सरकार," त्यांचा नाईक म्हणाला. "आता हत्ती आणला तरी दार हलत नाही."

काल हाच माणूस मान खाली घालून बसला होता. रायाजीरावांच्या ओठांवर हुकूम आला. नाईक त्यांच्या शाबासकीची वाट पाहत उभा होता.

"बरं केलंत," ते म्हणाले.

दुपारची नौबत झडली. दरवाजा उघडला नाही. घटकाभर वाट पाहून, तोफेच्या माऱ्याबाहेरच्या माळावर, खानाच्या स्वारांनी सुभानजीला आणून उभे केले. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. तरी चालण्याच्या लकबीवरून आईने ओळखले. त्याने एकदा गडाकडे मान वर केली. खिंडारात मुंग्यांसारखी राबणारी माणसे त्याला दिसली असतील, नसतील. मग तलवार चमकली. खानाने शब्द पाळला होता.

तटावरचे हात तेव्हा थांबले. तटावर आलेले हवालदार मुलाचे नाव घेऊन ओरडले, आणि मग तो कोण होता हे सगळ्यांना कळले.

पुढे वैशाखात दुसऱ्या मोहिमेसाठी बादशाही फौज वेढा उठवून निघून गेली. गड राहिला. राजधानीहून शिरपाव घेऊन सरदार आले, तेव्हा रायाजीरावांनी भर सदरेत, मान वर न करता, आपण गड देऊ केला होता हे सांगितले आणि हवालदारी सोडली. कोणी त्यांना दोष दिला नाही. तो दिला असता तर त्यांना बरे वाटले असते.

पतिपत्नी गड उतरू लागली तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. शेख नथू पुढे झाला. तो म्हणाला, "बाईसाहेब, आम्हाला ठाऊक असतं तर आम्ही थांबलो असतो."

"मला ठाऊक असतं तर मी धोंडा उचललाच नसता," अंबिकाबाई म्हणाल्या. "तेव्हा ठाऊक नव्हतं तेच बरं, असं सगळे म्हणतात. मला अजून तसं म्हणवत नाही."

शेख नथूने वाट सोडली, आणि ती दोघे खाली उतरत गेली.