शेजारच्या सीटवरचं कॅनव्हास

दार नीट ओढून घे रे, थंडी आत येतेय. आणि ग्लास भरून आणायचे असतील तर आत्ताच आणा, मध्येच उठलेलं मला चालत नाही. मघापासून तुमची जुंपलीय, जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी की हलकी उघडी रोडस्टर. घाला वाद, माझं काही जात नाही. पण रसेल बेडोजपुढे हाच प्रश्न आला होता, आणि त्याने तो निव्वळ खुन्नस काढायला सोडवला. पुढे काय झालं ते त्याने स्वतः मला सांगितलंय, माझ्या गॅरेजात, पालथ्या बादलीवर बसून. धाकट्या भावालाही नंतर त्याने सगळं सांगून टाकलं, म्हणून आज तुमच्यापुढे बोलतोय. नाहीतर तोंड उघडलं नसतं.

तारीख सांगतो. दोन हजार चोवीस, चौदा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे पावणेसात. नोव्हेंबरात आपल्याकडे साडेचारलाच दिवे लावावे लागतात, तेव्हा अंधार चांगलाच झालेला. रसेलला बायकोने डोंगरापलीकडे रॅटलिंगहोपला सोडलं आणि ती परत गेली. काम साधंच होतं. बापाच्या शेडमधून एक गाडी काढायची आणि डोंगर ओलांडून चर्च स्ट्रेटनला घरी आणायची.

बाप, म्हातारा सिरिल, ऑगस्टमध्ये गेला. मागे दोन गाड्या आणि दोन मुलगे, आणि त्या दोघांमधून विस्तवही जात नव्हता. मृत्युपत्रात त्याने लिहिलं होतं की थोरल्याने दोन्ही गाड्या एकेकदा चालवून बघाव्यात, हवी ती घ्यावी, उरलेली धाकट्याची. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत वकिलाकडे कागद पोचवायचा. हिरवी गाडी रसेलने बुधवारीच चालवून बघितली होती. बासष्ट सालची, लांब नाकाची, लाकडी स्टिअरिंगची. पोरवयापासून त्याचा जीव तिच्यावर.

दुसरी ती रोडस्टर. छप्पर नाही, दारं नाहीत, हीटर नाही, पुढची काच वीतभर. सगळं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. वरून पाय टाकून आत उतरायचं आणि जवळजवळ रस्त्यावरच बसायचं. सिरिलने आणि धाकट्या एड्रियनने, आपल्या एडीने, ती अकरा वर्षं दर गुरुवारी बसून हातांनी बांधली. तेवढ्या काळात रसेल त्या शेडवर चारदा आला असेल. मला कधी बोलावलं नाही, असं तो म्हणतो. एडी म्हणतो, दर वेळी बोलावलं.

एडीला दुसरं काही नको होतं, फक्त ही गाडी. सगळ्या गावाला ठाऊक होतं. रसेलला तर जास्तच. म्हणून त्याने ठरवलं, घ्यायची ती हीच. चालवायला नाही हं. घरामागच्या झुडपांत ठेवून कुजवायला, एडीला येता-जाता कुंपणावरून दिसेल अशी. तसा कागद भरून, सही करून, त्याच्या खिशात होता.

शेडमध्ये एडी किल्ली घेऊन उभा होता.

"मी बसतो शेजारी," तो म्हणाला.

"कशाला? माझा हात धरायला?"

"पहिलीच वेळ आहे तुझी. ही वळणावर मागून सुटते. अंदाज यायला वेळ लागतो."

"लायसन्सला तीनदा नापास झालेल्या माणसाने मला गाडी शिकवू नये."

"रसेल, बांधणारा शेजारी बसतो. रीत आहे ती."

रीत आहेच. आपण सगळे पाळतो. आपण बांधलेली गाडी दुसरा कुणी पहिल्यांदा चालवणार असेल, तर बांधणाऱ्याने शेजारी बसायचं. तिच्या खोडी त्यालाच माहीत असतात. मी चाळीस वर्षांत एकदाही मोडलेली नाही. रसेल हसला म्हणे.

"एक बांधणारा मातीत आहे," तो म्हणाला, "आणि दुसऱ्याची मला गरज नाही. उद्या बारानंतर गाडी माझीच आहे."

एडीला कळायला जरा वेळ लागला. "तू हिरवी घेणार होतास ना?"

"होतो."

"मग ही कशाला?"

"तुला हवीय म्हणून."

एडीने किल्ली बाकावर ठेवली. हातात नाही दिली, बाकावर ठेवली. "बाबा तुझ्याबद्दल बरोबर बोलायचे," एवढंच म्हणाला.

"काय बोलायचे?"

एडी वळला. पिवळा कोट चढवला, व्हॅनमध्ये बसला आणि डोंगराच्या रस्त्याला लागला. तोही स्ट्रेटनलाच राहतो. रसेल मागे एकटा राहिला, आणि बाप काय बोलायचा, हे त्याला आतून कुरतडत राहिलं. खूप लागलं ते त्याला, हे त्याने मला कबूल केलं.

पाचेक मिनिटांनी तो निघाला. या गाड्यांवर कॅनव्हासचं आवरण असतं, मधोमध झिप, तुम्हाला माहीत आहे. एकटं असलं की शेजारची बाजू झाकून टाकायची, म्हणजे वारा पायांत घुसत नाही. त्याने सीट नीट बघितली. रिकामी होती. आवरण ओढलं, चारही बटणं दाबली, झिप शेवटपर्यंत लावली.

चढाला गाडी सुरेख चालली. त्याचा राग असूनही त्याला ती आवडली, बोलला तो तसं. पौर्णिमा एका दिवसावर होती, पण वर धुकं उतरलेलं. दिव्याच्या पुढे दहा पावलं रस्ता, मग पांढरं. वाऱ्याने शेजारचं कॅनव्हास सारखं फडफडत होतं. त्या आवाजाने त्याचं डोकं उठलं होतं.

माथ्यावर सपाटी लागली. गाडी डावीकडे ओढायला लागली.

थोडीशीच. पण ती गाडी इतकी हलकी, की खिशात बटाटे भरून बसलात तरी स्टिअरिंगला कळेल. त्याने सरळ केली. पुन्हा डावीकडे. शेजारी कुणी बसलं की ओढते, तशी.

मग फडफड थांबली.

वारा तसाच होता. त्याच्या कानांत घोंघावत होता. कॅनव्हास मात्र गप्प.

त्याने मान वळवली नाही. आधी नाही. रस्ता बघत राहिला. मग बघितलं…

कॅनव्हास ताणलेलं होतं. दोन जागी वर आलेलं. शेजारी शेजारी. गुडघे असतात तिथे.

"एडी?" तो म्हणाला. एडी तर केव्हाच पुढे गेलेला.

त्याने डावा हात उचलला. दाबून बघायचं, खाली हवा भरली असेल. तळहात टेकवला. कॅनव्हास गार असायला हवं होतं, तशा थंडीत. नव्हतं.

हात मागे घेतला त्याने. आणि माणूस घाबरून गाडी थांबवेल की नाही? रसेलने नाही थांबवली. त्याला भीती वाटली, पण त्याहून राग आला. असा राग, की डोळ्यांत पाणी. तो मोठ्याने बोलायला लागला, त्या रिकाम्या सीटशी.

"अकरा वर्षं त्याच्याबरोबर बसलात. दर गुरुवारी. माझ्या गाडीत एकदा तरी बसलात, बाबा? आणि आज बसताय? त्याची गाडी वाचवायला?"

काही नाही. वारा.

"बोला ना. काय बोलायचात माझ्याबद्दल?"



त्याने ॲक्सिलरेटर दाबला. उतार सुरू झालेला. तो उतार तुम्ही दिवसा बघितलाय. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, कठडा नाही, एका गाडीपुरता रस्ता. धुक्यात तो पन्नासने उतरत होता. शेजारचे गुडघे आता सीटच्या जरा पुढे आले होते. पुढे सरकून बसल्यासारखे.

वळण आलं. वळणापलीकडे धुकं विरळ झालेलं, कडेला एक व्हॅन, दिवे चालू. रस्त्यात एक मेंढी मरून पडलेली. तिला मागच्या पायांना धरून बाजूला ओढत होता एक माणूस. वाकलेला, रसेलकडे पाठ. तोंडात टॉर्च.

पिवळा कोट.

रसेलने ओळखला. बादलीवर बसून त्याने मला हेच सांगितलं, दोनदा. "मी ओळखला त्याला. लगेच ओळखला."  मी विचारलं, मग?

"मग मी पाय उचलला नाही."

…

एक सेकंद असेल. दोन असतील. मी त्याला काही म्हणालो नाही. तुम्हीही म्हणू नका.

त्याला एवढंच आठवतं, की गाडीचं नाक एकदम खाली दबलं, चाकं जाम झाली, रबराचा वास आला. त्याचा पाय तेव्हाही ॲक्सिलरेटरवरच होता. इंजिन ओरडत होतं आणि गाडी घसरत थांबत होती. थांबली. इंजिन बंद पडलं. पुढचा दिवा एडीच्या कोटाला टेकला होता.

एडी उभा राहिला. तोंडातला टॉर्च हातात घेतला. 

"ब्रेक चांगला दाबलास," तो म्हणाला.

रसेल वरून पाय टाकून खाली उतरला. दोघांनी मिळून मेंढी कडेला ओढली. मग एडी व्हॅनमध्ये बसून गेला. रसेल मागून पहिल्या गियरमध्ये खाली आला. कॅनव्हास पुन्हा फडफडत होतं.

शुक्रवारी सकाळी आठला तो माझ्या दारात. गाडी बाहेर लावलेली. जुना कागद त्याने माझ्यासमोर फाडला, दुसरा लिहिला. हिरवी मला, रोडस्टर एड्रियनला. मग सगळं सांगितलं, आणि म्हणाला, "ब्रेक तपासून दे. आपोआप लागत असतील. तसं सांग मला, उपकार होतील."

मी तपासले. पेडल, नळ्या, चारही चाकं. दोष नाही. पाय दाबला तर लागतात, नाही दाबला तर नाही. टायर मात्र चार ठिकाणी सपाट घासलेले, पूर्ण जोराने ब्रेक दाबल्यावर घासतात तसे. मी त्याला खरं तेच सांगितलं. तो वकिलाकडे निघून गेला.

मग मी शेजारच्या बाजूचं आवरण काढलं. आदल्या रात्रीपासून कुणी हात लावला नव्हता, चारही बटणं घट्ट, झिप शेवटपर्यंत. सीट कोरडी, रिकामी. टॉर्च लावून मी खाली पाय ठेवायच्या जागेत बघितलं.

तळाचा पत्रा आतून खाली दबला होता. एका बुटाचा पूर्ण ठसा, टाच खोल, चवडा त्याहून खोल. उजवा पाय. तो पत्रा तीन मिलिमीटरचा आहे. माझं वजन शंभर किलो, मी त्याच्या बाजूला उभा राहून उड्या मारून बघितल्या, ओरखडासुद्धा उठला नाही. आणि पोरांनो, त्या बाजूला ब्रेक नसतो. दाबायला काहीच नसतं तिथे.