आग्या मोहोळाखालची रानज्वारी

टारफुल्यानं, मुळांतून रस शोषणाऱ्या त्या तणानं, वालूरच्या शिवारात तीन हंगाम ज्वारी खाल्ली होती. जिंतूरच्या डोंगरातल्या एका घळीत मात्र त्याच टारफुल्याच्या वेढ्यात रानज्वारी खुशाल उभी आहे, असं वालूरचे शेतकरी चंद्रप्पांनी शपथेवर सांगितलं. मग काय! सन शहाऐंशीच्या कार्तिकात ज्वारीवर संशोधन करणाऱ्या नर्मदाबाई कृषी विद्यापीठातून निघाल्या त्या बी आणायलाच. गुरं चरत वर सरकत होती. उशीर केला असता तर रानज्वारीचं एक ताटही हाती लागलं नसतं.

घळ अरुंद, निसरडी. पाय घसरला की संपलंच! नर्मदाबाई दगड धरत धरत उतरल्या. खाली पोचून त्यांनी वर पाहिलं, तर कड्याला परातीएवढं आग्या मोहोळ लोंबत होतं. काळं, हलतं.

"वर बगू नका, बाई," चंद्रप्पा कुजबुजले. "लय वंगाळ हाय ते."

पण रानज्वारी खरंच होती! नर्मदाबाई गुडघ्यांवर बसल्या. "आप्पा, टारफुल्याचं बी मातीत निजून असतं. ज्वारीच्या मुळातल्या रसानं ते जागं होतं आणि तिलाच धरतं. इथं रस सोडणारी ताटं पिढ्यान् पिढ्या मरत गेली. ज्यांच्या जनुकात तो रस करायचं काम बिघडलं, ती वाचली. बिघाड निरनिराळे असतील, म्हणून पुष्कळ ताटांचं बी हवं."

"म्हंजी गप बसली ती जगली म्हना की!"

त्या पिशवी उघडेपर्यंत चंद्रप्पांनी उदबत्ती लावली. पहिलं कणीस पुजल्याशिवाय त्यांच्या घरात विळा चालत नसे. धूर सरळ वर गेला.

"आप्पा, विझवा!"

उशीर झाला होता. आभाळ काळं झालं. पहिला डंख मानेवर. दुसरा पापणीवर! चंद्रप्पा हातांनी झोडपू लागले, तशा माश्या जास्तच चवताळल्या. नर्मदाबाईंनी त्यांच्या खांद्यावरची घोंगडी ओढली, त्यांना ज्वारीत पाडलं आणि दोघांवर ती पांघरली.

आत अंधार. श्वास कोंडला. बाहेर ते घोंघावणं!

"चुकी माजी हाय, बाई. तुमी जावा."

"गप्प बसा!" नर्मदाबाईंना रडू फुटलं. आपण इथंच मरणार, असं त्यांना खरोखर वाटलं.

घोंगडीखाली ज्वारीतून लोळत, रांगत दोघं घळीबाहेर आले. चंद्रप्पांचे डोळे सुजून मिटले होते, धाप लागली होती. पिशवी मागंच राहिली, रिकामी. नर्मदाबाईंनी एकदा वळून पाहिलं आणि चंद्रप्पांना खांदा देऊन जिंतूरच्या दवाखान्याची वाट धरली.

सुई टोचल्यावर चंद्रप्पांचा श्वास थाऱ्यावर आला. तेवढ्यात कंपाउंडर घोंगडी उचलून कुरकुरला, "कुसळानं भरली की ही!"

"झटकू नका!" नर्मदाबाई किंचाळल्या. रानज्वारीचं बी धक्क्यानं सुटतं आणि मिळेल त्याला चिकटतं. चिकटलं तेच आजवर पसरलं. अख्ख्या ताटव्याचं बी लोकरीत अडकलं होतं! सुजल्या बोटांनी त्या फरशीवर बसून एकेक दाणा वेचू लागल्या.

"बाई," चंद्रप्पांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "आमच्या शिवारात पुना ज्वारी हुईल का?"

"हिचा गुण आपल्या ज्वारीत उतरवायला वर्षं लागतील, आप्पा," त्या म्हणाल्या. "पण होईल."