जबाबाचा रकाना

हसू नका, ऐका. यातलं अर्धं मला अजून कळलेलं नाही.

युद्धाच्या काळात पडलेल्या लष्करी विमानांच्या चौकशीचे कागद जिथे जपून ठेवलेत, त्या कचेरीत मी गेले होते. भर दुपारी. आईसाठी. तिचे वडील तेविसाव्या वर्षी विमान कोसळून गेले, ती जन्मली त्याच आठवड्यात. चौकशीचा निकाल आला, ‘वैमानिकाची चूक’. आई आता ऐंशीची, अंथरुणाला खिळलेली, तरी एकच धोशा. “बाबांची चूक नव्हती गं. कुठेतरी लिहिलेलं असेल, शोध.”

म्हाताऱ्या कारकुनाने फाईल दिली आणि माझं पेन काढून घेतलं. जुन्या कागदांवर डाग नकोत म्हणून तिथे फक्त पेन्सिल चालते.

आत चौकशीचा छापील फॉर्म होता. हवामान, इंजिन, साक्षीदार, सगळं भरलेलं. ‘वैमानिकाचा जबाब’ हा रकाना तेवढा कोरा. मेलेल्याच्या माथी खापर फोडायला काय जातं! मला रागच आला.

“तुम्हीही बोला ना आजोबा,” मी पुटपुटले.

जळक्या तेलाचा वास आला. खिडकी तर बंद होती...

“ताई, बंद करायची वेळ झाली.” कारकून शेजारी उभा होता. बाहेर संध्याकाळ! मी तर चारच पानं उलटली होती.

रकाना भरलेला होता. शाई अजून ओली. ‘इंजिन ठीक होतं. मुलगी झाल्याची तार खिशात होती. तिचं घर वरून बघावं म्हणून फार खाली आलो. चूक माझीच.’ खाली, जबाब घेणाऱ्याच्या जागी, माझी सही.

माझी बोटं निळी झाली होती.

“पेन त्याने दिलं का?” कारकून हळूच म्हणाला. “समोर बसलेल्या त्या मुलाने... दुपारभर बोलत होतात की.”

मी धावतच घरी आले. आईला काय सांगायचं? तिच्यापायी आजोबा गेले, हे? मला रडू फुटत होतं. शेवटी तिचा हात धरला आणि खोटं बोलले.

“आई, सापडलं. इंजिन बिघडलं होतं. आजोबांची चूक नव्हती.”

आईने डोळे मिटले. किती वर्षांनी तिचा चेहरा सैल झाला होता. मग तिने डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

“मग तुझ्याबरोबर आलेला तो पोरगा... नाही म्हणून मान का हलवतोय गं?”