पोचल्याचा निरोप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तेव्हा मधे उठू नका आणि तो दिवा तेवढा राहू द्या.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. जानेवारीतला शनिवार होता. सिंगापुरातच बुकित पंजांगचा जुना फ्लॅट सोडून बुकित तिमाहच्या कॉन्डोत, म्हणजे गेटवाल्या खासगी सोसायटीत, राहायला येऊन आम्हाला चार दिवस झाले होते आणि मी खाली ऑफिसात गेटचं कार्ड आणायला गेले होते. आम्ही म्हणजे मी आणि माझी पंधरा वर्षांची गार्गी. माझा नवरा पद्माकर जहाजावर चीफ इंजिनियर, त्यामुळे घर बदलायची वेळ आली की तो नेमका समुद्रात. गार्गीची शाळा जवळ पडते म्हणून त्याने फोटो बघून जहाजावरूनच ही जागा ठरवून टाकली. करार झाल्यावर मला कॉन्डोचं नाव कळलं. 'ला सेंट जाँ.'

इथल्या बिल्डरांना फ्रेंच नावांचं भारी वेड. आत राहणारे सगळे चिनी, कोरियन आणि आपण. पण पाटीवर कुठला तरी फ्रेंच संत हवा. "आता पत्ता सांगताना तोंड वाकडं करायला शीक," पद्माकर फोनवर हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. ते नाव मला नको होतं, आणि का नको ते त्याला सांगायची सोय नव्हती.

कार्ड घेताना मी सहज विचारलं, "स्वयंपाकघरात भिंतीवर तो पांढरा रिसीव्हर आहे, त्याच्यावरून गेटवर बोलता येतं ना?"

"दॅट वन? नो मोर, मॅडम," काउंटरवरचे गार्ड अंकल म्हणाले. "मागच्या वर्षी वायर काढली. आता सगळं ॲपवर. फॉर शो ओन्ली लाह." इथलं इंग्रजी 'लाह'शिवाय संपत नाही.

मी कार्ड घेऊन वर आले, चहा टाकला. आलं किसत होते तेवढ्यात तो रिसीव्हर वाजला.

वायर काढलेली वस्तू वाजते तेव्हा माणूस आधी घाबरत नाही, चिडतो. अंकलना काही माहीत नाही असं पुटपुटत मी तो उचलला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग अगदी अदबीने, दमलेल्या आवाजात कोणीतरी मराठीत म्हणालं, "मॅडम, पोचलो… इथे कोणी नाही."

हातातली किसणी सिंकमध्ये पडली. तो आवाज मी ओळखला. आता त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

मी तंजोंग पगारमधल्या एका लहानशा ऑफिसात काम करते. जहाजांवर माणसं पाठवायची, त्यांची विमानं, गाड्या, कुठे कसं पोचायचं त्याची पत्रं सगळं बघायचं, हे माझं काम. अठरा वर्षांत एकही माणूस चुकीच्या बंदरात गेला नाही, अशी माझी फुशारकी होती. दीपेश हा मुरुडचा मुलगा, चोवीस वर्षांचा, फोर्थ इंजिनियर. पहिल्यांदाच फ्रान्समध्ये जहाजावर चढणार होता. जहाज समुद्रकाठच्या एका सेंट जाँजवळ दुरुस्तीला लागलं होतं. पॅरिसहून पुढचं रेल्वेचं तिकीट मी काढलं. आता फ्रान्समध्ये सेंट जाँ एक नाही हो. आपल्याकडे वडगाव किंवा पिंपळगाव असतात तशी तिथे सेंट जाँ, डझनांनी. प्रत्येकाला मागे वेगळं शेपूट. बुकिंगच्या पडद्यावर यादी आली, रकाना अरुंद, सगळी शेपटं कापलेली. पूर्ण नाव बघायला एकदा बोट टेकवायचं होतं. मी टेकवलं नाही. पहिलं सेंट जाँ निवडलं आणि तेच नाव त्याच्या पत्रात चिकटवलं. समुद्राचं सेंट जाँ राहिलं पश्चिमेला, आणि पोरगं गेलं डोंगरातल्या सेंट जाँला.

तोही जानेवारीच होता, दोन वर्षांपूर्वीचा. सकाळी सात वाजता त्याचा मेसेज आला, म्हणजे तिकडे मध्यरात्र. 'मॅडम, पोचलो. स्टेशन बंद झालंय. कोणी नाही. बर्फ पडतोय. समुद्र कुठल्या बाजूला आहे?' त्या दिवशी आमच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि हॉल मांडायला मला सकाळीच निघायचं होतं. मी साडीला पिना लावत होते. समुद्र कुठे आहे, या प्रश्नाने मला खरं तर जागच्या जागी उभं करायला हवं होतं. मी लिहिलं, 'एजंट येतोय. तिथेच थांब.' आणि फोन पर्समध्ये टाकला.

तो थांबला. मॅडमनी सांगितलं म्हणून थांबला. तिथला आमचा एजंट त्याच्या नावाची पाटी घेऊन दुसऱ्याच सेंट जाँला उभा होता आणि कंटाळून घरी गेला. सकाळी पहिल्या गाडीच्या लोकांना दीपेश स्टेशनबाहेरच्या बाकावर सापडला, बॅग मांडीवर घेऊन बसलेला.

आणि मी काय केलं? फाइलमधलं पत्र बदललं. शेवटचं तिकीट त्याने स्वतःच काढलं आणि चुकीचं काढलं, असं लिहिलं. तेच त्याच्या आईला, विनीताताईंना, फोनवर सांगितलं. त्या फक्त म्हणाल्या, "असं कसं केलं माझ्या दीपूने…" गेली दोन वर्षं त्या माउलीला वाटतंय की तिचा मुलगा स्वतःच्या वेंधळेपणाने गेला. मी नीच आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या शनिवारी मी रिसीव्हर आपटला आणि गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

सोमवारी संध्याकाळी तो परत वाजला. "मॅडम, पोचलो. पाटीवर सेंट जाँच लिहिलंय… पण इथे नुसती शेतं आहेत. चर्च आहे. समुद्र नाही." वाऱ्याच्या आत त्याचे दात वाजत होते. बुधवारी म्हणाला, "मोठी नदी आहे, सगळी गोठलीय. लोक फ्रेंच बोलतात, पण म्हणतात हा कॅनडा आहे… मी जास्त लांब आलो का, मॅडम?"

मग माझ्या लक्षात आलं. तो एकेक सेंट जाँ बघत हिंडत होता. माझ्या पत्रात नुसतं सेंट जाँ होतं, पुढचं शेपूट नव्हतं, आणि तो आज्ञाधारक मुलगा पत्राप्रमाणे शोधत होता. दर ठिकाणी पोचल्यावर कळवत होता, जसं आपण घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला बजावतो, की बाबा, पोचलास की कळव.

स्वयंपाकघरात वेगळाच वास यायला लागला होता. फ्रीज पुसायला बंद करून उघडा ठेवला की येतो ना, तसा. ओल्या लोकरीचाही. मी धूप लावला, रिसीव्हरवर टॉवेल टाकला. गुरुवारी ऑफिसातून आले तर टॉवेल घडी घालून ओट्यावर ठेवलेला.

"मा, तुझा कोणीतरी फोन होता," गार्गी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली. "दॅट वॉल थिंग. सम गाय. सो पोलाइट."

"काय म्हणाला…?"

"विचारत होता, इथे सी आहे का. मी म्हटलं, सिंगापूर इज अॅन आयलंड लाह, सगळीकडे सी आहे."

"आणि?"

"ही सेड थँक यू." मग तिने मान वर केली. "व्हाय यू सो पेल?"

मी तिला बजावलं की तो रिसीव्हर पुन्हा उचलायचा नाही. तिने खांदे उडवले. पण त्या रात्री मी तिच्या खोलीत, तिच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपले. उकडतंय म्हणून एसी लावते, तर तिने तो बंद केला. म्हणाली, "मा, घर ऑलरेडी कोल्ड आहे."

शनिवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आठवडाभरापूर्वीच सगळ्यांना बोलावलं होतं. आता नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? पासिर रिसहून माझी मैत्रीण अनुजा येणार होती, आणखी दहाजणी. चार वाजता मी तिळगुळाचं ताट मांडलं, वाणाचे डबे लावले. बायका येतील म्हणून गार्गीने पुढचं दार उघडं ठेवलं. बाहेर लख्ख ऊन, पोहण्याच्या तलावावर पोरांचा आरडाओरडा. मला वाटलं, अशा वेळी काही होत नाही.

रिसीव्हर वाजला.

वाजू दिला. थांबेना. शेवटी उचलला. या वेळी वारा नव्हता. दातही वाजत नव्हते.

"मॅडम, पोचलो," तो म्हणाला. "इथे बर्फ नाही… उकडतंय. पाटीवर सेंट जाँच आहे. एका मुलीने सांगितलं, सगळीकडे समुद्र आहे म्हणून. हेच ना, मॅडम?"

मागे एक कोकीळ ओरडत होता. या शहरात ते वर्षभर ओरडतात, त्यात नवल नाही. पण तो एका कानाला रिसीव्हरमधून ऐकू येत होता आणि दुसऱ्या कानाला माझ्या खिडकीतून. एकच पक्षी, एकाच दमात.

माझ्या तोंडातून शब्द निघाला, आणि कुठला निघावा? "थांब," मी म्हणाले. "तिथेच… थांब."

"बरं, मॅडम," तो म्हणाला.

मी ॲपवरून गेटवर फोन लावला. गार्ड अंकल म्हणाले, "येस मॅडम, युवर व्हिजिटर. यंग मॅन, बिग बॅग. मी म्हटलं वेट. ही से नेव्हर माइंड, ही यूज्ड टू वेटिंग." मग त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम… इतक्या उन्हात त्याच्या खांद्यावर व्हाइट व्हाइट काय?"

तेव्हा मला रडू फुटलं. भीतीचं म्हणा, लाजेचं म्हणा. दोन वर्षांत माझ्याकडे त्याला सांगायला दुसरा शब्दच नव्हता. मी देवघराच्या कोपऱ्यात जाऊन मुरुडला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"विनीताताई, मी सिंगापूरहून संजीवनी. दीपेशच्या ऑफिसातली…"

"बोला मॅडम."

सगळं सांगितलं. तिकीट मी काढलं होतं. नाव मी चुकवलं. थांब असं मी लिहिलं. पत्र मी बदललं. तुमच्या मुलाची काही चूक नव्हती, कणभरही नव्हती. बोलताना मधे श्वास घ्यायलाही मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं बोलवलं नसतं.

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. माझा दीपू तिकीट दोनदा वाचल्याशिवाय गाडीत पाय ठेवायचा नाही." त्यांचा आवाज फुटला, पुन्हा सावरला. "शिव्या द्यायच्या आहेत तुम्हाला. देईन. पण आधी एक सांगते. लहानपणापासून कुठेही गेला तरी पोचलो म्हणून मला फोन करायचा. मुरुडहून अलिबागला गेला तरी. त्या दिवशी नाही आला. शरीर आणलं, सगळं केलं, पण फोन काही आला नाही. म्हणून मी हा फोन उशाशी घेऊनच झोपते. लोक म्हणतात वेडी झाली."

"ताई…" मी कुजबुजले. "तो इथे आहे. खाली."

त्या घाबरल्या नाहीत. दचकल्याही नाहीत. "तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"थांब म्हणाले…"

"परत?" एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दाने मी मेल्याहून मेले. "आता तसं म्हणू नका हो. ये म्हणा. आत ये म्हणा. दमलाय तो."

मी वळले. हॉलमध्ये अजून कोणी बाई आली नव्हती. गार्गी दारात उभी होती आणि दाराबाहेर चपलांच्या जागी, माझ्या कोल्हापुरी आणि तिच्या बुटांच्या मधे, जाड तळाच्या काळ्या सेफ्टी शूजचा एक जोड व्यवस्थित लावून ठेवला होता. भोवती पाण्याचं थारोळं. त्यात अजून न विरघळलेलं काहीतरी पांढरं होतं.

"तुझा गेस्ट बाहेरच उभा होता, मा," गार्गी म्हणाली. "सो लाँग बाहेर, हाऊ कॅन? मी म्हटलं, कम इन लाह."

"कुठे… आहे?"

तिने स्वयंपाकघराकडे मान हलवली. तिच्या तोंडातून वाफ निघाली, जानेवारीत महाबळेश्वरला निघते तशी.

"पाणी पितोय. मा, ही आस्किंग, फोन मिळेल का एक मिनिट? आईला सांगायचंय म्हणतो, पोचलो म्हणून."

माझ्या हातातला फोन अजून चालू होता. त्यातून विनीताताईंचा आवाज आला, अगदी हळू, दोन वर्षं तयारी करून ठेवल्यासारखा.

"द्या ना मॅडम त्याच्याकडे."

स्वयंपाकघरात पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.