काठीचा खिळा

एप्रिल संपत आला होता. आमच्या वस्तीच्या रिंकमधला बर्फ दुसऱ्या दिवशी फोडणार होते, म्हणून मी शेवटचं स्केटिंग करून घ्यायला गेले. पाहते तर कठड्यावर एक उंच मुलगा पाय हलवत बसलेला. हातात लॅक्रॉसची, चेंडू झेलून फेकायची काठी... लाकडाची, जाळीवाली.

"काय हो बाई, तुमचा बर्फ कधी जाणार? मला खेळायचंय."

"काठी काय पळून चाललीय तुझी?"

"काठी नाही गं... उन्हाळा पळतो."

"आणि हिवाळ्यात काय, झोपा काढतोस?"

"बर्फावरची हॉकी. तू?"

"हॉकीच. उन्हाळ्यात लॅक्रॉस, प्लास्टिकच्या काठीने."

तो हसला. वेलन त्याचं नाव. मी तिथेच, बर्फावर उभ्या उभ्या कामातून गेले!

मग उन्हाळाभर त्याच रिंकच्या उघड्या सिमेंटवर तो खेळायचा आणि मी ओरडून घसा बसवून घ्यायचे. सामना संपला की दोघांत एक वाटी मक्याचं सूप. एकदा बाकावरून त्याची काठी घसरली, मी झेलायला हात पुढे केला—

"टेशा!" तो ओरडलाच.

आमच्या मूळनिवासी जमातीत पुरुषाच्या लाकडी काठीला बाईने शिवायचं नसतं, तिच्यातलं औषध, म्हणजे तिची शक्ती, जाते. मी ओशाळून हात मागे घेतला. त्याने तोच हात धरला.

"तिला नको," तो हळूच म्हणाला, "मला लाव ना..."

सप्टेंबरात दूर पश्चिमेच्या एका हॉकी संघाने त्याला बोलावलं. निघताना त्याने आमच्या बैठकीच्या खोलीत खिळा ठोकला आणि काठी टांगली.

"ही इथे, म्हणजे मी येणार. माणसाबरोबर थडग्यात जाते ती. तिला सोडून कुठे जाईन?"

मी वेडी. मी विश्वास ठेवला.

हिवाळाभर त्याचे फोन आखडत गेले. एप्रिलमध्ये शेवटचा आला.

"टेशा... इथे लॅक्रॉसचाही संघ आहे. मी इथेच राहतोय. काठी न्यायला माझा दादा येईल."

"आणि मी?"



"तू... चांगली आहेस गं."

चांगली! मला जीव नकोसा झाला.

दादा यायच्या आधी मी काठीसमोर उभी राहिले. एक बोट लागलं असतं तरी ती त्याच्या उपयोगाची उरली नसती. पण शपथेवर सांगते, मनात सूड नव्हता. त्याचा हात जिथे असायचा, तिथे मला एकदा धरायचं होतं, बस्स. हात आवरेनात, तेव्हा मी पिशवीतून हॉकीचे जाड हातमोजे काढले, दोन्ही हातांत घट्ट चढवले आणि बसून राहिले.

दादाने काठी उतरवली. माझ्या हातांकडे पाहिलं. तो निघाला तेव्हा त्याच हातमोज्यांनी मी त्याला दार उघडलं.

गाडी गेल्यावर हातमोजे काढले. भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता. त्याला हात लावायला मला कुणाची बंदी नव्हती.