चारशे शब्द आणि एक चिठ्ठी

"कितव्यांदा?" मी विचारलं.

तो दचकला. लेखन साहाय्य कक्षातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच बसला होता. समोर चुरगळलेल्या कागदांचा ढीग, तोंडात पेनाचं टोपण, मधल्या बोटाला शाईचा डाग. हा चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. गेले काही महिने मी तो आरशात बघत होते.

"पहिल्यांदाच... म्हणजे आजच सुरुवात केली," तो म्हणाला.

"मग एवढं तोंड पाडून बसायला काय झालं तुला? माझी दोनदा दांडी उडालीय." खुर्ची ओढून मी बसलेसुद्धा. "एक सल्ला देऊ? इथले मार्गदर्शक असतात ना, त्यांचं फार मनावर घ्यायचं नाही. एका वाक्यात काही सांगता येत नाही त्यांना. पाल्हाळ लावतात नुसतं."

त्याने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. मान डोलावली. मग कागदांच्या ढिगाखालून एक बिल्ला शोधून काढला आणि शर्टाला लावला. बिल्ल्यावर लिहिलं होतं – मार्गदर्शक.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सॉरी... तुम्ही..."

"मघाशी 'तू' म्हणत होतीस, ते बरं होतं," तो हसला. एका गालावर खळी पडत होती. एकाच. "आणि सल्ला खरा आहे. मला एका वाक्यात खरंच सांगता येत नाही."

आमच्या विद्यापीठाचा नियम असा, की विषय कुठलाही घ्या, वाचन-लेखन क्षमता चाचणी पार केल्याशिवाय पदवी नाही. दोन पानी लेख वाचायचा आणि त्यावर आपलं मत किमान चारशे शब्दांत मांडायचं. दोन परीक्षक वेगवेगळे बसून तपासतात आणि दोघांनीही 'हो' म्हणावं लागतं; दोघांचं जुळलं नाही, तर तिसरा ठरवतो. मी रसायनशास्त्रात वर्गात पहिली. पण पहिल्या चाचणीत माझे शब्द भरले एकशे बारा आणि दुसऱ्या चाचणीत एकशे एकोणचाळीस. शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत माझी निवड झाली होती. तिसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत पदवीचा दाखला दिला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. त्याआधी चाचणी एकच उरली होती. ती नोकरी मला इतकी हवी होती, की त्या इमारतीवरून जाताना मी चालण्याचा वेग कमी करायचे.

पहिल्या दिवशी त्याने सरावाला विषय दिला – शहरात मोटारींना बंदी घालावी का? मी लिहिलं, 'घालावी. धूर होतो. जागा खातात.'

त्याने वाचलं. कागद उलटून मागची बाजू बघितली.

"संपलं?"

"अजून काय हवं?"

"जागा खातात. मग?"

"मग काय?"

"तेच विचारतोय. मग?"

"मग... बाबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर गिऱ्हाइकाला सायकल टेकवायला जागा मिळत नाही. हातात सायकल धरून बिचारे उन्हात उभे राहतात."

"लिही."

"हे? हे पण लिहायचं?"

"हेच लिहायचं."

मी पेन त्याच्यापुढे केलं. "तूच घाल ना हे वाक्य, पटकन."

त्याने दोन्ही हात खिशात घातले. "नियम आहे. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या कागदाला पेन लावायचं नाही."

त्या दिवसापासून आठवड्यातून तीनदा, दुपारी, ते कोपऱ्यातलं टेबल आमचं झालं. मी एक वाक्य लिहायचे, तो हात खिशात घालून विचारायचा, "मग?" कधी हळू, कधी भुवई उडवून, कधी नुसतं डोळ्यांनी. सुरुवातीला त्या 'मग'ने डोकं फिरायचं. नंतर नंतर मी मुद्दाम वाक्य अर्ध्यावर सोडायला लागले. का सोडते, याचा मात्र मी विचार करत नव्हते.

तोही काही सुटलेला नव्हता म्हणा. पीएच.डी. करत होता. चौथं वर्ष.

"प्रबंध कुठवर आलाय?"

"प्रस्तावना चालू आहे."

"चार वर्षं?"

"सुरुवातीपासून सांगायचं तर..."

"नको!" मी हात जोडले. तेव्हापासून मी त्याला 'प्रस्तावना'च म्हणायला लागले.

माझं नाव त्याने आमच्या दुकानात ठेवलं. एका संध्याकाळी त्याच्या सायकलची चेन वाटेत उतरली आणि तो नेमका आमच्याच दारात आला. नेमका कसा, ते त्याने कधी सांगितलं नाही. सायकल कधी घेतली, आधी कोणाची होती, आवाज पहिल्यांदा कुठल्या चढावर ऐकू आला, असं सगळं तो पाच मिनिटं बाबांना सांगत राहिला. बाबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चेन."

मी चिठ्ठी लिहिली. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांतून बाबा चिठ्ठ्या कापून ठेवतात. प्रत्येकीवर तीन ओळी असतात – काय बिघडलंय, काय करायचं, कधीपर्यंत. लिहून हँडलला सुतळीने बांधायची. अक्षरं जुळवायला आल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. पुठ्ठ्यावर चौथी ओळ मावत नाही.

चेन. बदलणे. उद्या.

त्याने ती चिठ्ठी हातात धरली, कितीतरी वेळ वाचत राहिला. "आता कळलं," तो म्हणाला. "तू चाचणीतसुद्धा चिठ्ठीच लिहितेस." आणि बाबांचं लक्ष नाही असं बघून हळूच, "येतो हं, चिठ्ठी."

त्यानंतर त्याच्या सायकलला काय झालं कोण जाणे. कधी घंटी वाजेना, कधी ब्रेक घासायला लागला, कधी सीट खाली बसली. दर आठवड्याला काहीतरी नवीन. सातव्यांदा पेडल सैल झालं, तेव्हा बाबांनी पाना हातात घेतला आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "पेडल आपोआप एवढं सैल होत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. मी पुठ्ठ्यात डोकं खुपसून हसत होते.

चाचणीला चार दिवस उरले असताना त्याच्या वहीतून काहीतरी घसरून फरशीवर पडलं. मी उचललं. माझ्याच अक्षरातल्या सात चिठ्ठ्या होत्या. भोकात सुतळी तशीच.

"या फेकून द्यायच्या असतात," मी म्हणाले.

"हो... म्हणजे... त्याचं असं आहे, की सर्वप्रथम..."

"प्रस्तावना नको."

खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता, त्यात त्याचं शाईचं बोट अस्वस्थपणे फिरत होतं. "आत्ता नाही," तो शेवटी म्हणाला. "तू पास होईपर्यंत मी तुझा मार्गदर्शक आहे. कागदाला पेन लावायचं नाही, तसंच... हेही नाही."

"आणि नापास झाले तर?"

"तर पुढच्या चाचणीपर्यंत गप्प बसेन. माझं काय, मला सवय आहे. पण तुझी नोकरी जाईल, चिठ्ठी. ते मला नकोय."

त्या दिवशी मी एकही वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही.

चाचणीत लेख आला तो वाचनालयाबद्दल – वाचनालयात बोलायला परवानगी असावी का? मी लिहिलं, 'असावी. पण हळू.' आणि पेन थांबलं. जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं! अजून तीनशे सत्त्याण्णव शब्द बाकी. पुढच्या बाकावरची मुलगी तिसरं पान उलटत होती. मी डोळे मिटले... आणि अगदी कानाशी, खिशात हात घालून कोणीतरी विचारलं, "मग?"

मग मी लिहिलं. गप्प बसून वाचलेलं आपल्यापाशीच राहतं. मग? मग ते बरोबर की चूक, हे कोणालाच कळत नाही. मग? मग एखादा माणूस समोर बसून विचारतो आणि आपल्याला आपलंच म्हणणं पहिल्यांदा ऐकू येतं. मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाबद्दल लिहिलं, खुसफुशीबद्दल लिहिलं, शेजारच्याला त्रास न देता बोलायचं कसं, तेही लिहिलं. लिहिता लिहिता मला कळलं, की या माणसाचा आवाज मला रोज हवा आहे. चाचणीपुरता नाही, कायमचा हवा आहे. हे मात्र मी लिहिलं नाही. तेवढ्यात घंटा झाली.

तो बाहेर पायऱ्यांवर उभा होता.

"किती भरले?"

"पाचशे साठ!"

त्याची खळी पडली. "आणि शेवट? शेवट कसा केलास?"

माझं तोंड उतरलं. "शेवट... राहिला."

"तुझा शेवट राहिला? तुझा?"

"तुझ्या संगतीचा परिणाम," मी म्हणाले. आम्ही दोघं हसलो, पण हसणं फार टिकलं नाही.

आठवड्याने निकालाच्या खिडकीवरच्या बाईंनी चष्मा वर करून सांगितलं, "एकाचं हो आलंय, एकाचं नाही. पेपर तिसऱ्याकडे गेलाय. शुक्रवारी ये." शुक्रवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. ते चार दिवस मला ना जेवण गेलं, ना दुकानात लक्ष लागलं. एका मागच्या चाकाला मी 'पुढचं चाक' अशी चिठ्ठी लावली. बाबांनी ती बदलली.

शुक्रवारी बाईंनी एक लहानसा कागद खिडकीतून सरकवला. त्यावर तिसऱ्या परीक्षकाने लिहिलं होतं – 'विचार स्वच्छ. शेवट नाही. तरीही उत्तीर्ण.'

जीव भांड्यात पडला. दाखला घेतला, प्रयोगशाळेत नेऊन दिला, पोच घेतली आणि तशीच धावत लेखन साहाय्य कक्षात गेले. कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. दुकानाकडे पळाले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"पास!"

बाबा उठले. तेलकट हात फडक्याला पुसले, माझ्या डोक्यावर ठेवले. मग हनुवटीने भिंतीकडे खूण केली. "ती बघ."

भिंतीला त्याची सायकल टेकवलेली होती. चेन ठीक, ब्रेक ठीक, पेडल घट्ट. हँडलला चिठ्ठी होती, आणि अक्षर माझं नव्हतं.

काय बिघडलंय – मालक.
काय करायचं – हो म्हण.
कधीपर्यंत – आजच.

"पास झाली तर दाखवा, म्हणाला. नाहीतर चिठ्ठी काढून नुसतं तेलपाणी करा," बाबा म्हणाले. "सकाळपासून माझे चौदा पुठ्ठे वाया घालवलेत त्याने. पहिल्यावर 'सर्वप्रथम' असं लिहिलं होतं."

बाबांना एका दमात इतकं बोलताना मी प्रथमच ऐकत होते. मी हसत होते की रडत होते, मलाच सांगता आलं नसतं. एक कोरी चिठ्ठी ओढली आणि तिच्यावर लिहिलं – हो.

मागे पावलं वाजली. रस्त्यापलीकडे उभा राहून तो हे सगळं बघत होता, हे मला तेव्हा कळलं. तो आत आला. मी परीक्षकाचा कागद आधी पुढे केला. त्याने वाचला. मग माझी चिठ्ठी वाचली. एकच तर शब्द होता, पण त्याने तो प्रबंध वाचावा तसा सावकाश वाचला.

"मग?" त्याने विचारलं. या वेळी त्याचाच आवाज कापत होता.

"मग आता तू लिही." मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. "मी आता कोणाची विद्यार्थिनी नाही. लाव पेन माझ्या कागदाला."

त्याने हात खिशातून काढले. पेनाचं टोपण उघडलं. विचारात पडला.

"प्रस्तावना नको," बाबा चाकातून डोकं वर न काढता म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, परीक्षकाच्या कागदाकडे बघितलं आणि माझ्या 'हो'च्या खाली लिहिलं – शेवट नाही.

चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने काहीतरी वेळेत लिहून संपवलं होतं.