रायपूर ते पर्थ, बावीस तास

रायपूर राजधानी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. चौबे कॉलोनीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी तिकिटं काढायचे. मे महिन्यातल्या एका सकाळी तो आत आला, बुटांवर सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ, आणि बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, इथून पर्थ किती दूर आहे?"

"सरळ मोजलं तर सात हजार किलोमीटर."

"अन् जायला?"

"मुंबई, सिंगापूर, मग पर्थ. बावीस तास. बारा विमानात, बाकीचे विमानतळांवर बसून."

"दहा तास नुसतं बसून? काहून?"

मला हसूच आलं. शिशिर त्याचं नाव. पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर. चार दिवस रोज आला. विमानात चहा मागता येतो का? सिंगापूरला हिंदी कोणाला समजते का? तिकीट मात्र काढेना. पर्थला याचं कोण असेल... हा विचार मला घरीही सोडेना.

पाचव्या दिवशी विचारलंच, "तिकडं कोण आहे तुमचं?"

"बहीण. चित्रा. पहिलं बाळंतपण आहे तिचं. आईले पाठवून राहिलो तीन महिने, एकटीले. मले सुट्टी नाही भेटत."

बहीण! मी इतकी खूश झाले की त्याच्याकडे बघायची लाज वाटली.

तिकीट काढलं. शिवाय त्याच्या आईसाठी, मंदाकिनीकाकूंसाठी, मराठीत एक कागद लिहिला – कुठं उतरायचं, कुठं वळायचं, कोणाला काय दाखवायचं. ठरल्या दिवशी काकू दुपारी दोनला उडाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायला आले, तर शिशिर पायरीवर बसलेला.

"आता कुठं असेल ती?"

"समुद्रावर. बारापर्यंत पोचतील."

बारा वाजले. साडेबारा. एक. त्याचा मोबाइल टेबलावर गप्प पडलेला. "सिंगापूरलाच राहिली तर...?" त्याने मोबाइल उचलून पाहिला, परत ठेवला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढला नाही... मीही नाही.

सव्वाला फोन वाजला. तपासणीच्या रांगेत उशीर झाला होता, बस्स! तो उभा राहून ऐकत होता. "हव आई... हव..." मग माझ्याकडे बघून कानापर्यंत लाल झाला. "बरं, विचारतो."

"काय झालं?" मी घाबरले.

"काल विमानतळावर मी आईले सांगितलं होतं – तू परत आली की देवश्रीच्या घरी लग्नाचं बोलायला जाऊ."

मॅडमची देवश्री कधी झाली, मला कळलंच नाही.

"मग... काय म्हणाल्या?"

"म्हणते, तीन महिने काहून थांबतं रे? पोट्टीले आजच विचार." त्याने धीर गोळा केला. "तर... विचारून राहिलो."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आधी रडूच आलं. मग म्हटलं, "हव."